मधला दिवा

दिनानाथने शेवटचा स्क्रू पिळला आणि बोटाच्या टोकाने पेटीतला एक रिले, विजेवर चालणारा लहानसा खटका, दाबून पाहिला. टक् असा आवाज आला. पाठोपाठ शेजारच्याने टक् केले, मग तिसऱ्याने, आणि पेटी पुन्हा गप्प झाली.

"झालं का रे?" मागून धर्मराजकाकांनी विचारले. भातगिरणी त्यांची होती आणि दिनानाथ हा त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा एकुलता मुलगा.

"झालं, काका."

काका पेटीत डोकावले. तारा, गुंडाळ्या, पितळी पट्ट्या. त्यांनी खालपासून वरपर्यंत नजर फिरवली, जशी ते नव्या नोकरावरून फिरवत.

"घड्याळ कुठाय यात?"

"यात घड्याळ नाही."

"घड्याळ नाही? मग कोणी कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, हे ठरवणार कोण?"

"ज्याचं त्यानं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं झालं म्हणायचं. तो झालं म्हणेपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही. मग त्याला एक मिनिट लागो नाहीतर अर्धा तास."

"अर्धा तास लागला तर तुझी पेटी मी खाडीत टाकीन," काका म्हणाले आणि आलेल्या गाडीवाल्याशी हुज्जत घालायला बाहेर गेले.

चीनच्या लढाईनंतरचा तो दुसरा हंगाम. मार्गशीर्ष लागला होता आणि पनवेलच्या गिरण्यांकडे भाताच्या गाड्या येऊ लागल्या होत्या. काकांच्या गिरणीत जमिनीखाली एक खड्डा होता. गाडीतले भात त्या खड्ड्यात रिकामे करायचे. तिथून पत्र्याच्या बादल्या लावलेला उभा पट्टा ते माळ्यावर उचलून न्यायचा, आणि माळ्यावरून ते खाली भात सडणाऱ्या हलरमध्ये पडायचे. एका शेतकऱ्याचे भात संपून दुसऱ्याचे सुरू व्हायच्या आधी खड्डा झाडून लख्ख करावा लागे. नेऱ्याचा पांढरा कोलम आणि गव्हाणकडच्या खाऱ्या जमिनीतले लाल भात एकामागून एक आले तर फारच. लाल दाणा पांढऱ्यात गेला तर नेऱ्याचा माणूस तो तांदळातून वेचून काकांच्या तळहातावर ठेवायला कमी करत नसे.

झाडण्याचे काम भामाचे. अंगाने बारीक, वाकून खड्ड्यात सहज मावणारी. ती खाली असेतो पट्टा फिरता कामा नये. पण पट्ट्याचे बटण माळ्यावर बुधाजीपाशी, आणि माळ्यावरून खड्डा दिसत नाही. मागच्या हंगामात एकदा पट्टा अवचित सुरू झाला आणि एका बादलीने भामाचा पदर धरला. पदर फाटला म्हणून बाई वाचली. काकांनी तिला नवे लुगडे घेऊन दिले आणि बंगळूरला शिकणाऱ्या पुतण्याला कळवले, तुझ्या त्या विद्येतले गिरणीला काही लागू पडत असेल तर या सुट्टीत येऊन बघ.

दिनानाथची विद्या नेमकी याच गोष्टीची होती. सगळ्यांना मिळून एकच ठोका देणारे काही नसेल, प्रत्येक रिले आपापल्या चालीने चालत असेल, नवा लगबगीने, जुना रेंगाळत, धूळ बसलेला त्याहून रेंगाळत, तर अशा रिलेंची जोडणी करायची कशी, यावर तो प्रबंध लिहीत होता. साधा वायरमन तारा जोडतो, चार वेळा चालवून बघतो आणि चालतेय म्हणतो. दिनानाथच्या गुरुजींना ते चालत नसे. जोडणी ज्या ज्या अवस्थेत जाऊ शकते ती प्रत्येक अवस्था कागदावर मांडायची, प्रत्येकीतून पुढे कुठे जाता येते त्याचे बाण काढायचे, आणि कोणता रिले कितीही रेंगाळला तरी एकही बाण नको त्या अवस्थेत शिरत नाही हे दाखवायचे. दाखवता आले तरच ती सिद्धता. नाहीतर तो नुसता नशिबाचा भाग.

त्याने मोठ्या कागदावर गिरणी अशी मांडली होती. खड्ड्याच्या तोंडाशी खांबावर एक बटण, ते दाबले की माळ्यावर दिवा. दिवा लागल्याशिवाय माळ्यावरचे बटण पट्टा सुरू करणार नाही. 'खालून उत्तर नाही आणि पट्टा फिरतो आहे' ही अवस्था त्याने लाल शाईने वेटाळली होती. त्या लाल वर्तुळाकडे कोठूनही बाण येत नव्हता. तो कागद त्याने गिरणीच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकला होता, आणि येता-जाता त्याकडे पाहिले की त्याला बरे वाटे.

पहिले काही दिवस पेटी नीट चालली.

गुरुवारी दुपारी तो तेलाची बुधली घेऊन खड्ड्याजवळून चालला होता. खांबाशी बसून बुधाजीची आई सोनाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. हलरचा घरघराट इतका, की शेजारच्याचे बोलणे तोंडाकडे पाहूनच कळावे. सोनाबाईने पाखडता पाखडता हात मागे नेला, न बघताच बटण दाबले आणि सूप पुन्हा हातात धरले.

दिनानाथने सहज खड्ड्यात पाहिले. आत भामाची पाठ होती. ती कोपऱ्यातले भात झाडूने ओढत होती.

बुधली कुठे पडली हे त्याला पुढे आठवले नाही. त्याने धावत जाऊन मोठा खटका ओढला. हलर, पंखा, सगळे एकदम बसले. माळ्यावरून बुधाजीचे डोके दिसले. त्याचा हात बटणावरच होता.

"काय झालं?" बुधाजीने विचारले.

दिनानाथने खड्ड्याकडे बोट केले. भामा शिडीने वर आली, माळ्यावर भासरा उभा पाहून तिने पदर कपाळावर ओढला आणि टोपली घेऊन खांबाआड झाली. बुधाजी तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. तोही लगेच मागे सरला.

"सोनाबाई, बटण तुम्ही दाबलंत?"

"मंग कोन दाबनार?"

"भामानं दाबायचं. वर आल्यावर. तिनं स्वतः. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"सांगलं व्हतंस." सोनाबाईने सूप खाली ठेवले. दिनानाथ लहान असल्यापासून ती या गिरणीत होती, त्याला अरेतुरे करायची तिला सवय होती. "पन ती कशी दाबंल? दिवा कुनाच्या म्होरं लागतो?"

"बुधाजीच्या."

"बुधाजी तिचा कोन?"

"भासरा."

"मंग?"

दिनानाथने माळ्याकडे पाहिले.

"भासऱ्याला हाक मारल्यावानीच झालं ना ते," सोनाबाई म्हणाली. "हितून बटन दाबलं का तिकडं त्याला कलतं, भामा बोलली. लगीन होऊन आली तवापासून ती त्याच्या म्होरं तोंड उघडत नाय, आन् आता तुजी पेटी आली म्हनून उघडंल काय? पयले बी मीच सांगायची. ती वर येऊन माज्या पाठीला हात लावायची, मी वरडायची, झालं रं बुधाजी. आता वरडत नाय, बटन दाबते."

"पण आज तिनं हात कुठे लावला होता?"

"झाडूचा आवाज आला नाय. वाटलं, आली आसंल."

"या घरघरीत झाडूचा आवाज येतो तुम्हाला?"

सोनाबाईने भामाकडे पाहिले, मग खड्ड्याकडे, आणि तिचा हात सुपाच्या कडेवरून उगाच फिरत राहिला.

भामा खांबाआडून हळू आवाजात सासूला म्हणाली, "आत्याबाय, त्यांना सांगा, माझी चूक झाली. मी लवकर वर यायला हवं व्हतं."

"तुझी चूक नाही," दिनानाथ म्हणाला. ते वाक्य कोणाकडे पाहून म्हणावे हे न कळून तो भिंतीवरच्या कागदाकडे पाहू लागला. लाल वर्तुळाकडे अजूनही बाण येत नव्हता. उत्तर आले म्हणजे ज्याचे काम त्यानेच ते दिले, असे त्याने कागदावर न लिहिताच गृहीत धरले होते.

काकांना कळायला वेळ लागला नाही. ते आले ते तावातावानेच.

"दुसरी बाई आणतो उद्यापासून. लाजणारी नको."

"आना," सोनाबाई म्हणाली. "ती गेली तं मी पन जाते. मंग माळ्यावर तुमीच चढा, शेट. बुधाजी मागं राहनार नाय."

बुधाजीसारखा पट्ट्याचा माणूस पनवेलात दुसरा नव्हता आणि ते काकांना ठाऊक होते. त्यांनी टोपी काढली, डोके खाजवले, टोपी पुन्हा घातली.

"मग घड्याळ लाव," ते दिनानाथला म्हणाले. "मी तरी पहिल्यापासून काय म्हणत होतो? मुंबईला लोहार चाळीत घड्याळाचे खटके मिळतात. पट्टा थांबला की पाच मिनिटं मोजायची आणि आपोआप सुरू. कोणी कोणाला विचारायला नको, कोणी लाजायला नको."

"आणि सहाव्या मिनिटाला ती आत असली तर?"

"तर तिनं नसावं."

"काका, अहो..."

"सोमवारी नेऱ्याच्या गाड्या येतायत. तोवर तुझ्या बायका आणि तुझे दिवे यांचं काय ते जमव. नाही जमलं, तर सोमवारी घड्याळ बसेल. मी तुझ्या शिक्षणासाठी गिरणी काढलेली नाही, दिनू."

शुक्रवारभर दिनानाथने बटणाची जागा बदलून पाहिली, दिवा बदलून पाहिला. माळ्यावर दिव्याऐवजी घंटी लावू का, असे त्याने सोनाबाईला विचारले. ती म्हणाली, "घंटी झाली म्हनून काय, बोलली ती बोललीच." त्याने भामाला समजावायचा प्रयत्न केला, की हे बोलणे नव्हे, ही वीज आहे. भामाने सगळे ऐकून घेतले, मान हलवली, आणि पुढच्या खेपेला वर येऊन सासूच्या पाठीला हात लावला. सोनाबाईने बटण दाबले. आता ती मागे वळून बघत होती, पण किती दिवस बघेल?

शनिवारी दुपारी तो जेवायला घरी गेला. काकी गेल्यापासून काकांचे दुपारचे पान कमळाबाईंकडेच असे. कमळाबाई म्हणजे दिनानाथची आई. सकाळची पूजा, पोथीचा अध्याय आणि गाईचा घास बाजूला काढल्याशिवाय त्या तोंडात पाणी घालत नसत, पण त्यासाठी दुसऱ्याचे पान त्यांनी कधी खोळंबवले नाही. काका ओसरीला लागून असलेल्या माजघरात पाटावर बसले होते. कमळाबाई स्वैपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. दिनानाथ काकांच्या समोर, दाराशी काटकोनात.

"दिनू, विचार बरं, आमटी आळलीय का जास्त," कमळाबाई म्हणाल्या.

"आळलीय का?" दिनानाथने विचारले.

"बेताची आहे म्हणून सांग," काका म्हणाले.

"बेताची आहे."

"म्हणावं, संध्याकाळी वैद्यांकडचा काढा न्यायला विसरू नका."

"विसरणार नाही म्हणावं."

दिनानाथचे चित्त थाऱ्यावर नव्हते. त्याच्या डोक्यात खांब, बटण आणि माळा फिरत होते. भाताचा घास हातात तसाच राहिला होता. काही वेळाने त्याला जाणवले की घरात फार शांत झाले आहे. त्याने वर पाहिले. आई तुपाची वाटी घेऊन उंबऱ्याच्या आत थांबली होती. काका हात पानावर आडवा धरून बसले होते. दोघेही त्याच्याकडे पाहत होते.

"काय झालं?" त्याने विचारले.

"अरे, मी म्हणाले, तूप वाढू का विचार."

"आणि मी म्हणालो, नको म्हणून सांग," काका म्हणाले.

"मग तुम्ही ऐकलंत की आईचं."

"ऐकलं ना. बहिरा आहे का मी?"

"आणि आई, तूही ऐकलंस."

"ऐकलं. पण तू सांग ना, म्हणजे मी आत जाईन," कमळाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली वाटी निवत होती.

दिनानाथने हातातला घास पानात ठेवला. वडील गेले तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. तेव्हापासून हे असेच चालले होते. आमटी, काढा, त्याची फी, त्याचे बंगळूरला जाणे, सगळे त्याच्या तोंडून इकडचे तिकडे गेले होते, आणि तो घरी नसला की शेजारची शकू जेवणाच्या वेळेला येऊन बसे. ती काय करायला येते, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "काकांना तूप नको."

कमळाबाई आत गेल्या. काकांनी हात उचलला आणि ताकभात कालवायला घेतला.

रविवारी सकाळी उजाडताच तो नवा कागद घेऊन ओसरीवर बसला. आता दोन ठिकाणांऐवजी तीन. भामाचे बटण माळ्यावरचा दिवा लावणार नाही. ते सोनाबाईच्या खांबावर दिवा लावील. तो दिवा लागल्याशिवाय सोनाबाईचे बटण काही करणार नाही, आणि सोनाबाईने दाबले की मगच बुधाजीसमोर दिवा. भामाने सासूला सांगायचे, सासूने लेकाला. पूर्वी पाठीला हात लागत होता, तिथे आता तार. भामाचे बटण त्याने खड्ड्याच्या आत, शिडीच्या वरच्या पायरीशी काढले, जिथे पाखडणारीचा हात कितीही लांबवला तरी पोचू नये.

कल्पना सोपी होती, सिद्धता नव्हती. एक जागा वाढली की अवस्था दुप्पट होतात. ऊन ओसरीवरून अंगणात उतरले तरी तो बाण काढत होता. दुपारच्या सुमारास त्याला एक बाण लाल वर्तुळात शिरताना दिसला. पट्टा सुरू झाला की तिन्ही उत्तरे पुसली जायला हवीत. पण दोन रिले एकदम पुसायला निघाले आणि मधला रेंगाळला, तर सोनाबाईचे आधीच्या खेपेचे 'झालं' पुढच्या खेपेला तसेच शिल्लक राहत होते. मग भामा खाली असतानाच माळ्यावर दिवा. शंभर वेळा चालवून पाहिले असते तरी हे दिसले नसते. एखाद्या दमट सकाळी, मधला रिले जरा चिकटला असता, त्या दिवशी दिसले असते.

त्याने कागद गुंडाळून बाजूला ठेवला, पाणी प्याला आणि पुन्हा उलगडला. पुसण्यालाही क्रम लावला. आधी माळ्यावरचे, ते पुसले गेल्याची खूण मिळाली की मधले, मग खालचे, आणि खालचे पुसल्याशिवाय कोणाचेच नवे उत्तर घ्यायचे नाही. कोणी कोणाशी शर्यत लावायची नाही, प्रत्येकाने आपल्या आधीच्याची वाट पाहायची. सगळे बाण त्याने पुन्हा एकदा बोटाने मोजून तपासले. लाल वर्तुळ एकटे राहिले.

"जेवतोस का आता?" आईने आतून विचारले. "की कोणाला विचारून सांगतोस?"

त्याने चमकून आत पाहिले. कमळाबाई खाली मान घालून वाती वळत होत्या.

संध्याकाळपर्यंत पेटी नव्याने जोडून झाली.

सोमवारी नेऱ्याच्या गाड्या लवकर आल्या. गिरणीच्या दारापासून वळणापर्यंत बैल उभे होते. काकांच्या टेबलावर खाकी कागदात बांधलेला घड्याळाचा खटका ठेवलेला होता. मुंबईहून तो आदल्या संध्याकाळीच आला होता.

बुधाजी एकटाच आत आला. पाठोपाठ, बरेच अंतर राखून, भामा.

"आये आज नाय येत," बुधाजी दिनानाथला म्हणाला. "हिंव भरलंय तिला. रातपासून."

दिनानाथने मधल्या खांबाकडे पाहिले. खांबाशी तरट अंथरलेले होते, सूप भिंतीला टेकवून ठेवलेले होते.

"भामा, तुझा नवरा?"

"मिठागरावर," बुधाजीच म्हणाला. "परवा येल."

काकांनी ते ऐकले होते. टेबलाशी जाऊन त्यांनी खाकी कागदाची सुतळी सोडायला घेतली.

पहिला लॉट गव्हाणच्या लाल भाताचा होता, शनिवारचा उरलेला. खड्ड्यात कोणी उतरलेले नव्हते, तेव्हा चाचणी म्हणून खालची दोन्ही बटणे दिनानाथने स्वतः दाबली; तो चढून गेला, पट्टा थांबला आणि हलरही रिकामा होऊन बसला. बाहेर नेऱ्याचा पहिला गाडीवान पोत्याचे तोंड सोडून तयार होता. भामा झाडू आणि टोपली घेऊन खड्ड्यात उतरली.

दिनानाथ पेटीपाशी उभा राहिला. आज मध्ये आपण बसावे, हा विचार त्याला सकाळीच आला होता. आज बसता येईल. उद्याही. पण पंधरा दिवसांनी तो बंगळूरला असेल आणि हिंव काय, कोणालाही केव्हाही भरते. आणि तो बसला, तर काका म्हणतील, एक माणूस जास्तीचा लागतो, त्यापेक्षा घड्याळ स्वस्त. तरीही तो दोन पावले खांबाकडे सरकला.

भामा वर आली. चढता चढता तिने पायरीजवळचे बटण दाबले. टक्. मधल्या खांबावर दिवा लागला आणि समोरच्या रिकाम्या तरटावर त्याचा पिवळा उजेड पडला.

पुढे काही झाले नाही. पेटी गप्प होती. ती चुकलेली नव्हती. जितके व्हायला हवे तितके झाले होते, आणि बाकीच्याची ती वाट पाहत होती. तिने संध्याकाळपर्यंतही पाहिली असती. माळ्यावर बुधाजी बटणाशी उभा होता, त्याच्यासमोर दिवा नव्हता. बाहेर एका बैलाने मान हलवली, घुंगरे वाजली. गाडीवान आत डोकावला.

"शेट, वतू का नको?"

"थांब जरा," काका म्हणाले. ते दाराजवळच्या मोठ्या खटक्याकडे आले. तिथून त्यांना माळा दिसत होता, खांब आणि खड्डा भाताच्या थप्पीआड होते. "दिनू, ही तुझी पेटी वाट बघते, गिरणी नाही बघत. मी पेटी तोडून सरळ तारेवर घेतो आणि दुपारी घड्याळ बसवतो. बाई बाहेर आहे ना?"

"आहे. पण काका..."

"आज आहे ना? मग झालं."

ते सगळे भामाने ऐकले. ती टोपली कमरेवर घेऊन खड्ड्याच्या कडेला उभी होती. तिने दिनानाथकडे पाहिले नाही. माळ्याकडे तर नाहीच. तिने टोपली खाली ठेवली, झाडू टोपलीत आडवा टाकला, पदर कपाळावरून पार भुवईपर्यंत ओढला. मग चार पावले टाकून ती मधल्या खांबाशी गेली आणि तरटावर बसली. सासू बसे तशीच, एक गुडघा उभा, एक मांडी जमिनीला. माळ्याकडे पाठ.

दिनानाथ होता तिथेच थांबला.

तिने हात मागे नेला आणि बटण दाबले.

टक्. मधला दिवा तसाच होता, आता वरचाही लागला. बुधाजीने दिव्याकडे पाहिले. मग कठड्यावरून खाली पाहिले. तरटावरची पाठ त्याला दिसली, लुगडे दिसले. त्याचा हात बटणाकडे गेला नाही. त्याने एकदा गळ्याभोवतीचे फडके सोडले आणि पुन्हा बांधले. दिनानाथला वाटले, आता तो खाली उतरेल, किंवा काकांना काही म्हणेल.

बुधाजीने तोंड भिंतीकडे फिरवले.

"आये," त्याने भिंतीकडे पाहतच मोठ्याने आवाज दिला, "आयकलं गं!"

आणि पट्टा सुरू झाला. दोन्ही दिवे एकामागून एक विझले, आधी वरचा, मग मधला. बाहेर गाडीवानाने पोते आडवे केले आणि कोलम खड्ड्यात सरसरत पडू लागला.

"सोनाबाई आली वाटतं," काका खटक्यावरचा हात काढत म्हणाले.

दिनानाथने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे काकांनी पाहिले नाही. ते बाहेर गाड्यांकडे निघाले होते.

भामाने माळ्याकडे वळून पाहिले नाही. तिने भिंतीचे सूप ओढून घेतले, त्यात ओंजळभर तांदूळ घातले आणि पाखडू लागली.